अठरा मेची सावली

“द्या की,” काझी सर म्हणाले, “पण मग तो तुम्हीपण करायचा.”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असंच वाटलं. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. मुख्याध्यापकांच्या खोलीतला पंखा नुसताच आवाज करत होता आणि माझ्या हातात स्टेन्सिल कापून छापलेले अकरा कागद होते. वर ठळक अक्षरांत शीर्षक होतं, ‘उन्हाळी स्वाध्याय, इयत्ता आठवी’. खाली त्रेचाळीस प्रश्न. त्याखाली, कुणी विचारलं नव्हतं तरी, ‘संकल्पना व मांडणी : श्री. अच्युत बिडवे, बी.ए., बी.एड.’

“म्हणजे कसं, सर?”

“म्हणजे असं, की मुलांना जे जे सांगितलंय ते सगळं तुम्ही स्वतः करायचं. वेगळी वही घालायची. शाळा उघडली की पहिल्या शनिवारी प्रार्थनेनंतर मुलं तुमची वही तपासतील. कबूल असेल तर सही करतो.”

तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. जिंतूरच्या पुढे अकरा किलोमीटरवर कासारदरा नावाचं गाव. तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायला लागून मला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत शाळेत काय काय चुकतंय याची एक यादी मी मनात तयार केली होती आणि त्या यादीत माझं नाव कुठेच नव्हतं. काझी सरांची निवृत्ती तीन वर्षांवर आलेली. त्यांना कशातच उत्साह उरलेला नाही, असं माझं ठाम मत होतं.

“कबूल,” मी म्हणालो. “उलट आनंदच आहे, सर.”

कोपऱ्यात मारोतराव घुगे बशीतून चहा पीत बसले होते. ते गावातले गवंडी. शाळेच्या पाण्याच्या हौदाला प्लास्टर करायला आले होते. त्यांची मुलगी अनुसया माझ्याच वर्गात होती.

“सायेब, मी अडानी मानूस, पर एक इचारतो,” बशी खाली ठेवत ते म्हणाले. “सुट्टी दिली, मंग अभ्यास कामून? आन् अभ्यासच द्यायचा तर सुट्टी कामून?”

असल्या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. दीड महिन्यात मुलांची बुद्धी कशी गंजते, सातत्य म्हणजे काय, निरीक्षणशक्ती कशाला म्हणतात, यावर मी दहा मिनिटं बोललो. घुगे शांतपणे ऐकत होते.

“गुरुजी, तुमचं खरं आसंल,” शेवटी ते म्हणाले. “पर आमी भिताड बांधतो ना, त्याला बी आठ दिस नुस्तं पानी मारून ठिवावं लागतंय. हात लावायचा न्हाई. लावला की भेग पडती.”

“मुलं म्हणजे भिंती नव्हेत, घुगे.”

“न्हाईत, न्हाईत,” ते घाईघाईने म्हणाले आणि हौदाकडे निघून गेले. वाद मी जिंकला होता. काझी सर मान खाली घालून सही करत होते. ते हसत होते हे मला फार उशिरा कळलं.

त्रेचाळीस प्रश्नांपैकी माझा सगळ्यात लाडका होता सतरावा. एक मीटर उंचीची काठी उघड्या जागी सरळ उभी करावी. रोज दुपारी बारा ते साडेबाराच्या दरम्यान तिची सावली सर्वांत आखूड होईल तेव्हा मोजावी. लांबी आणि दिशा तक्त्यात लिहावी. दोन मे ते चौदा जून. हा प्रश्न सुचला तेव्हा माझा मलाच अभिमान वाटला होता. प्रयोगशाळा नको, खर्च नको, प्रत्यक्ष सूर्यच शिकवणार!

दोन मे रोजी मी खोलीसमोरच्या अंगणात काठी रोवली. निकालपत्रकांचं काम उरल्यामुळे मी तीन दिवस गावातच होतो. पहिल्या दिवशी सावली साडेसात सेंटिमीटर आली, दुसऱ्या दिवशी सात, तिसऱ्या दिवशी साडेसहा. तिन्ही दिवस उत्तरेला. तिन्ही दिवस मी डोक्यावर ओला रुमाल ठेवून, मांडीवर वही घेऊन उन्हात बसलो. जाणारे येणारे विचारायचे, “गुरुजी, काय हरवलं का?” मी म्हणायचो, “निरीक्षण चाललंय.” हा शब्द उच्चारताना मला फार बरं वाटायचं.

पाच मेला मी नांदेडला ताईकडे गेलो. तिच्या घरी अंगण नव्हतं. गच्ची होती, पण दुपारी बाराला ताईच्या गच्चीवर चप्पल काढली तर तळपाय भाजत आणि चप्पल घातली तर तीच चिकटे. तिथे भाच्यांबरोबर पत्ते होते, माठातलं पाणी होतं आणि आंब्याची रसाळी होती. रस पिऊन झाल्यावर बारा वाजायचे आणि रस प्यायलेला माणूस बारा वाजता काय करतो हे वेगळं सांगायला नको. उद्यापासून सुरू करू, असं मी रोज ठरवत होतो. हे ठरवण्यात मात्र मी एक दिवसही खाडा केला नाही. मधेच मला मुलगी दाखवायचा कार्यक्रम झाला. मुलीच्या वडिलांनी विचारलं, “सध्या काय चाललंय?” मी म्हणालो, “सूर्याच्या भासमान भ्रमणावर थोडं काम करतोय.” स्थळ जमलं नाही ते बरंच झालं.

चौदा जूनला नांदेडहून परभणीमार्गे जिंतूरला येणाऱ्या एसटीत मी वही उघडली. त्रेचाळीस प्रश्नांपैकी चार झाले होते. बाकीचे पाठ्यपुस्तकातून उतरवता येत होते, राहिला सतरावा. एक्केचाळीस दिवसांच्या सावल्या मला साडेतीन तासांत पाडायच्या होत्या.

आता सांगायला लाज वाटते, पण ते काम मी फार मन लावून केलं. सुट्टीभरात असं केलेलं ते माझं एकमेव गृहपाठाचं काम. आधी विचार केला. सूर्य एकवीस जूनपर्यंत उत्तरेकडे सरकत राहतो, म्हणजे सावली तोपर्यंत लहान होत जाणार. साडेसहावरून सुरू करून रोज दीड मिलिमीटर कमी करत आणलं. चौदा जूनला अर्धा सेंटिमीटर उरला, तो एकवीस तारखेसाठी शिल्लक ठेवला. फार सरळ दिसू नये म्हणून कुठे दोन मिलिमीटर, कुठे एक असं केलं. तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहिलं. दिशा सगळीकडे उत्तर. वाटेत खड्डा आला की अक्षर हलायचं आणि त्यामुळे ते उन्हात बसून लिहिल्यासारखं दिसायचं. शेवटी डब्यातल्या आंब्याच्या फोडीचा रस एका पानाच्या कोपऱ्याला लावला. शेजारच्या बाई म्हणाल्या, “अहो, वही खराब झाली तुमची.” मी म्हणालो, “होऊ द्या.”

पंधरा जूनला शाळा उघडली. मंगळवारी मी वह्या जमा केल्या. आठवीतून नववीत गेलेली एक्केचाळीस मुलं, त्यांपैकी अडतीस वह्या आल्या. चाळताना माझ्या लक्षात आलं की गावात एकूण पाच अभ्यास झाले आहेत आणि त्यांच्या अडतीस प्रती निघाल्या आहेत. एका वहीत तर नकललेल्या मजकुराबरोबर मूळ मालकाचं नावही उतरवलं होतं. मी प्रत्येकाला कडक शेरा दिला. ‘स्वतः करा. नक्कल म्हणजे स्वतःची फसवणूक.’ हा शेरा सतरा वेळा लिहून माझा हात दुखायला लागला.

मग अनुसया घुगेची वही आली.

तिच्यात नक्कल दिसेना. रोजच्या नोंदीपुढे लहान चित्र होतं, उभी रेघ आणि तिची सावली. काठीच्या जागी तिने वडिलांची बारीक लोखंडी सळई घेतली होती आणि तसं प्रामाणिकपणे लिहिलंही होतं. सुरुवात माझ्यासारखीच होती. साडेसात, सात, साडेसहा. मग सहा, साडेपाच, पाच. माझ्या मानाने तिची सावली भलतीच वेगाने पळत होती. सोळा मेला एक सेंटिमीटर, सतराला अर्धा. आणि अठरा मेपुढे लिहिलं होतं, ‘सावली नाही.’

चित्रात नुसती उभी रेघ.

त्यापुढचं पान तर कहर होतं. एकोणीस तारखेपासून सावली पुन्हा वाढायला लागली होती, तीही दक्षिणेला. जूनच्या बारा तारखेला ती सहा सेंटिमीटर झाली होती, आणि मधल्या तीन दिवसांपुढे लिहिलं होतं, ‘आभाळ. मोजता आली नाही.’

मी लाल पेन उचललं आणि अठरा मेवर आडवी रेघ मारून लिहिलं, ‘असत्य.’

बुधवारी मी वह्या परत केल्या. अनुसयेला फळ्याजवळ बोलावलं. बारीक, उंच मुलगी, दोन वेण्या घट्ट वर बांधलेल्या. वर्गात ती फारशी बोलत नसे.

“अनुसया, भर दुपारी सळईची सावली नाही, हे कसं?”

“नव्हती, सर.”

“उन्हात उभ्या केलेल्या वस्तूची सावली पडत नाही?”

वर्ग हसला. माझा उत्साह वाढला.

“त्या दिवशी नव्हती, सर.”

“आणि नंतर ती दक्षिणेला गेली? आपण उत्तर गोलार्धात राहतो. आपली दुपारची सावली उत्तरेलाच पडते. सळई वाकडी असेल तुझी.”

“नाही सर, बाबांनी ओळंबा लावून दिला होता. रोज लावत होते.”

“मग तू मोजलंच नसणार. मनाने आकडे टाकलेस. होतं असं. कंटाळा येतो, मग माणूस घरी बसून आकडे टाकतो.”

हे वाक्य मी, अच्युत बिडवे, बी.ए., बी.एड., भर वर्गात बोललो. जीभ जराही अडखळली नाही.

तिचे कान लाल झाले होते.

“ही माझी वही घे,” मी म्हणालो. “माझा तक्ता बघ आणि तुझा दुरुस्त करून आण. तोपर्यंत बाकावर बसायचं नाही.”

तिने वही घेतली. भिंतीशी उभी राहून तिने ती उघडली आणि बराच वेळ ते एकच पान बघत राहिली. मधल्या सुट्टीनंतर मी वर्गात आलो तेव्हा माझी वही टेबलावर होती. अनुसया नव्हती.

गुरुवारी ती आली नाही. शुक्रवारीही नाही. हजेरीत मी तिच्यापुढे गैरहजर लिहिलं आणि मनात म्हटलं, खोटं पकडलं गेलं की असंच होतं.

शुक्रवारी शेवटचा तास दहावीवर होता. धडा तापमानाच्या पट्ट्यांचा. हा धडा मी तिसऱ्या वर्षी शिकवत होतो, त्यामुळे पुस्तक उघडायची गरज नव्हती. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला, मधोमध विषुववृत्त, वर कर्कवृत्त, खाली मकरवृत्त, आणि नेहमीच्या सुरात सांगितलं, “या दोन वृत्तांच्या दरम्यान असलेल्या प्रत्येक ठिकाणी सूर्य वर्षातून दोन वेळा बरोबर डोक्यावर येतो. लिहून घ्या.”

मुलं लिहायला लागली. मी खडू घेऊन आपलं गाव दाखवायला गोलावर एक ठिपका काढला. जिंतूर, साडेएकोणीस अंश उत्तर. कर्कवृत्त साडेतेवीसवर. ठिपका कर्कवृत्ताच्या खाली पडला. पडणारच होता, गेली तीन वर्षं तिथेच पडत होता.

मी त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. सूर्य बरोबर डोक्यावर आला तर सळईची सावली कुठे पडेल? आणि तो आपल्याला ओलांडून कर्कवृत्ताकडे गेला, तर आपल्या दुपारच्या सावल्या कुठल्या बाजूला जातील?

“सर, दोन वेळा बरोबर डोक्यावर येतो. पुढं?” पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

‘पुस्तक वाचा’ म्हणून मी खुर्चीत बसलो. भूगोलाचा शिक्षक असून मला सूर्य फक्त पाठ होता. त्या मुलीने तो पाहिला होता, आणि मी त्यावर लाल रेघ मारली होती.

शाळा सुटल्यावर मी घुग्यांच्या घराकडे निघालो. वाटेत माझ्यातल्या हुशार माणसाने एक तोडगा काढला. मोजण्याच्या पद्धतीत फरक असल्यामुळे दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असू शकतात, असं काहीतरी सांगावं. मुलीला शाबासकी द्यावी. उद्याच्या तपासणीपुरती वही सापडत नाही म्हणावं. नाहीतरी विहिरीत पडू शकतेच वही. घराजवळ पोचेपर्यंत हे सगळं मला पटलंही होतं.

घुगे ओट्यावर बसून थापी घासत होते. अनुसयेची आई, कावेरीबाई, सुपात डाळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि आत बघून हाक मारली, “आनु, गुरुजी आल्यात. पानी आन.”

“अनुसया शाळेत येत नाही,” मी म्हणालो.

“न्हाई म्हनती,” घुगे थापीकडे बघत म्हणाले. “काय झालं सांगत न्हाई. म्या बी म्हनलं, ऱ्हाऊ दे. तिच्या मामानं सेलूकडचं एक स्थळ आनलंय. दोन वर्सं थांबा म्हनलो हुतो, दहावी होऊ द्या. आता तीच न्हाई म्हनती तर थांबून काय करायचं? रव्वारी पाहुनं येनार हाईत.”

“अहो, चौदा वर्षांची आहे ती!”

“मला का कळत न्हाई, गुरुजी? साळंत जात हुती तवर मला सांगायला तोंड हुतं.”

अनुसया तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या माझ्यापुढे ठेवून दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“अनुसया,” मी म्हणालो, “तुझा तक्ता बरोबर होता.”

“माहीत आहे, सर.”

एवढं सरळ उत्तर मी धरलं नव्हतं. मी माझा तोडगा बाहेर काढला. “म्हणजे, मोजण्याच्या पद्धतीत कधी कधी फरक पडतो, त्यामुळे तुझा तक्ता आणि माझा तक्ता...”

“सर, पहिले तीन दिवस आपली सावली सारखीच आहे,” ती हळू आवाजात म्हणाली. “रोज अर्धा सेंटिमीटर कमी. चौथ्या दिवसापासून तुमची एकदम हळू झाली. रोज दीडच मिलिमीटर. आणि एकोणतीस मेला आपल्याकडं वादळ झालं. दिवसभर आभाळ होतं, शाळेचे पत्रे उडाले. त्या दिवशीपण तुमच्या वहीत सावली आहे.”

कावेरीबाईंचा हात सुपात थांबला. घुगे माझ्याकडे आणि मुलीकडे आळीपाळीने बघत होते.

“म्हणजे तुला बुधवारीच कळलं होतं?”

तिने होकारार्थी मान हलवली.

“मग वर्गात बोलली का नाहीस?”

“कसं बोलू, सर? तुम्ही गुरुजी.” मग ती म्हणाली, “पण ते उतरवायला सांगितलं तुम्ही. ते मला जमेना. म्हणून नाही आले.”

मी तांब्या उचलला आणि पाणी पिण्यात शक्य तितका वेळ घालवला. तो मोठा होता, पण तोही संपला.

“मी मोजलंच नाही,” मी म्हणालो. “तीन दिवस मोजलं. बाकीचं एसटीत बसून लिहिलं.”

घुग्यांनी थापी खाली ठेवली.

“म्हंजी गुरुजी,” ते म्हणाले, “म्या चव्वेचाळीस दिस भर उन्हात ओळंबा लावला. रोज काम सोडून दुपारी घरी आलो. ही पोरगी ऱ्हाऊच देईना, गुरुजीनी सांगितलंय म्हनायची. आन् तुमी...” पुढचं त्यांनी गिळलं. मला वाटतं त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

“मारोतराव, मी चुकलो. तिला उद्या शाळेत पाठवा. पाहुण्यांना नाही म्हणा.”

“पोरीला खोटी कुठं म्हनलात?”

“वर्गात.”

“मंग हितं ओट्यावर कामून सांगता?” घुगे उठले. “तिथंच सांगा. उद्या म्या तिला घिऊन येतो. तुमी काय बोलता ते ऐकून रव्वारचं ठरवतो.”

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली. काझी सरांनी मुलांना बसायला सांगितलं आणि एप्रिलमधली अट सगळ्यांना समजावली. सव्वादोनशे मुलं मैदानात, शिक्षक बाजूला ओळीने, आणि फाटकाशी घुगे, शेजारी अनुसया. माझ्या हातात वही. विहिरीजवळून येताना माझा पाय जरा रेंगाळला होता हे खोटं नाही.

मी एक भाषण तयार केलं होतं. ‘विज्ञानात चुकांनाही मोल असतं’ अशी त्याची सुरुवात होती आणि ऐकणाऱ्याला शेवटी माझ्याबद्दल आदरच वाटावा अशी रचना होती. पण समोर उभा राहिलो आणि पहिलंच वाक्य तोंडातून निघालं ते असं, “ही वही मी एसटीत लिहिली.”

मुलांना वाटलं विनोद आहे. ती हसली.

“खरंच लिहिली. सुट्टीत मी अभ्यास केला नाही. रस प्यायलो आणि झोपलो. सावली मोजली तीन दिवस, बाकी एक्केचाळीस दिवसांचे आकडे खोटे आहेत. खरं दिसावं म्हणून पानाला आंबा लावला.”

आता हसणं थांबलं. मग कुठूनतरी एक खिदळल्याचा आवाज आला आणि सगळं मैदान फुटलं. आमचे पीटीचे सर तर पाठ फिरवून हसत होते. मी थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर राहिलेलं बोललोच नसतो.

“अनुसया घुगेने सगळे दिवस मोजलं. अठरा मेला आपल्या गावात दुपारी सावली पडत नाही. हे पुस्तकात आहे, मी तीन वर्षं शिकवतोय, आणि मला ते माहीत नव्हतं. तिने पाहिलं आणि लिहिलं. मी तिला सगळ्यांसमोर खोटी म्हणालो. खोटा मी होतो. तिची माफी मागतो.”

हसणं विरलं. अनुसया खाली बघत होती. घुग्यांनी तिच्या पाठीला हलकेच हात लावला आणि ती चालत येऊन नववीच्या ओळीत बसली. घुगे तसेच फाटकातून बाहेर पडले. रविवारी पाहुणे आले नाहीत हे मला सोमवारी कळलं. ती दहावी झाली, पुढे परभणीला शिकली, बाविसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. आज बांधकामाची कंत्राटं नवरा घेतो आणि मापं ती काढते. तिने आखलेला पाया कुणी पुन्हा मोजत नाही म्हणतात.

त्या शनिवारी मात्र काझी सरांनी मला लगेच सोडलं नाही.

“अभ्यास न करणाऱ्याला आपण काय करतो?” त्यांनी मुलांना विचारलं.

“पुन्हा करायला लावतो!” सव्वादोनशे गळे ओरडले.

“सूर्य वर्षातून दोन वेळा डोक्यावर येतो म्हणतात,” सर माझ्याकडे वळून म्हणाले. “दुसऱ्यांदा कधी, बिडवे?”

मी रात्रीच हिशेब करून ठेवला होता. “पंचवीस जुलैच्या आसपास.”

“मग सोमवारपासून. वही घुगे तपासेल.”

घुगे म्हणजे अनुसया.

जुलैत मराठवाड्यात सूर्य दिसणं म्हणजे नशीबच. रोज बारा वाजता मी सळई आणि ओळंबा घेऊन मैदानात जायचो, एका हातात छत्री, दुसऱ्यात वही. साडेबारापर्यंत चिखलात उभा राहायचो. वर्गांच्या खिडक्यांतून मुलं बघायची. एखाद्या दिवशी ढग फाटायचे, मी धावत मोजायचो, सावली दक्षिणेला असायची आणि दिवसागणिक आखूड होत जायची. ती तशीच होणार हे मला आता चांगलं माहीत होतं, तरी प्रत्येक वेळी मी पट्टी दुसऱ्यांदा लावून बघायचो. बाकी दिवशी नुसतं आभाळ. शिपाई विचारायचा, “गुरुजी, काय हरवलं का?” निरीक्षण हा शब्द मी तेव्हापासून जरा जपून वापरतो.

पुढच्या एप्रिलमध्ये काझी सरांनी विचारलं, “काय बिडवे, यंदा उन्हाळी अभ्यास द्यायचा का?” मी म्हणालो, “सर, मला ठरवता येत नाही.” खरंच येत नव्हतं आणि अजूनही येत नाही. घुगे म्हणाले ते चूक नव्हतं. एक्केचाळीस मुलांना अभ्यास दिला, त्यात चाळीस जण काही शिकले असतील तर ते नक्कल करणं. पण एका मुलीने सूर्य डोक्यावर आलेला पाहिला, आणि तिला तो मीच बघायला लावला होता. आणि गुरुजीला अभ्यास दिला तर काय होतं, ते तर सगळ्या गावाने पाहिलं. सुट्टीतल्या अभ्यासाच्या बाजूने किंवा विरुद्ध कुणी माझ्याशी तावातावाने बोलायला लागलं की मी हल्ली चहा मागवतो.

पंचवीस जुलै शनिवारी आला. शाळा अकराला सुटली, तरी निम्मी शाळा मैदानात थांबली होती. नववीची मुलं सळईभोवती गोल करून बसली. काझी सर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. बारा वाजले तेव्हा आभाळ गच्च होतं. सव्वाबाराला पश्चिमेकडून थोडा उजेड आला. सगळे उठून उभे राहिले, मीही छत्री मिटली. बारा वीस, बारा पंचवीस. उजेड तसाच ढगामागे सरकत सरकत पुढे गेला. साडेबाराला टपटप थेंब पडायला लागले आणि मुलं ओरडत घरी पळाली.

मी वही उघडली. खरं सांगतो, तेव्हाही माझ्या मनात आलंच. इतका बरोबर हिशेब केला होता, आज सावली नव्हती हे तर सूर्यसुद्धा कबूल करेल. ‘सावली नाही’ असं लिहिलं तर त्यात खोटं ते काय? पेन टेकवलं आणि मी लिहिलं, ‘२५ जुलै. आभाळ. दिसली नाही.’

अनुसया एकटीच थांबली होती. तिने वही घेतली, पाऊस पानावर पडू नये म्हणून ओढणी धरली आणि ती ओळ वाचली. मग माझ्याच खिशातलं लाल पेन मागून घेतलं, त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि खाली तारीख घालून सही केली.